कोरं कापड कोरं नसतं

पांढऱ्या कापडाला आपण कोरं म्हणतो, पाटीवर अजून काही लिहिलेलं नसावं तसं. घरी कापड रंगवणाऱ्याने मात्र हा शब्द जपून घ्यावा. मागावरून उतरलेल्या कापडाच्या उभ्या धाग्यांवर खळ असते, कापसाचं स्वतःचं मेण असतं, यंत्राचं तेल असतं. गिरणीत ते धुऊन, विरंजन करून निघालं की त्यावर पुन्हा नवे थर चढतात. हाताला मऊ लागावं म्हणून सिलिकोन, सुरकुत्या पडू नयेत म्हणून रेझिन, पांढरं आणखी पांढरं दिसावं म्हणून चमक देणारं रसायन. आपल्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. रंगाला सगळं दिसतं.

म्हणूनच रंग फिका आला, मध्येच ठिपके राहिले, एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला पुसट झालं, की आपण रंगाच्या पुडीला दोष देतो आणि बहुतेक वेळा तिथेच चुकतो. पुडी बदलून तेच कापड पुन्हा रंगवलं तर तेच ठिपके त्याच जागी उठतात. मला तर वाटतं, रंगकामाचा निम्म्याहून जास्त भाग कापड विकत घेतानाच होऊन जातो. भांडं, चमचा, घड्याळ हे सगळं नंतरचं.

पहिला प्रश्न तंतूचा. कापूस, लिनन, ताग, व्हिस्कोस, लायोसेल हे सगळे सेल्युलोजचे. रेशीम आणि लोकर प्रथिनांचे. पॉलिएस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक कृत्रिम. या तीन घराण्यांचे रंग बहुतांशी वेगळे आहेत, आणि एकाचा रंग दुसऱ्याला चालेलच ही आशा आधीच सोडून द्यावी. रंगाच्या इतिहासातही ही अडचण पहिल्या दिवसापासून आहे. इंग्रज रसायनज्ञ विल्यम पर्किनला १८५६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला व्यापारी कृत्रिम रंग, मॉव्ह, सापडला. तो रेशमावर सहज बसला, पण कापसावर टिकवण्यासाठी आधी टॅनिनचा, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्याचा, थर द्यावा लागला. रंग तोच, कापड बदललं की सगळी रीतच बदलली.

पॉलिएस्टरचं तर विचारूच नये. त्याचा तंतू इतका घट्ट की त्यात शिरायला डिस्पर्स जातीचा रंग आणि उकळत्या पाण्याइतकी किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. थंड पाण्यातल्या रंगात पॉलिएस्टर चोवीस तास ठेवलं तरी धुतल्यावर होतं तसं पांढरं बाहेर येतं. निम्मं कापूस, निम्मं पॉलिएस्टर अशा कापडात फक्त कापसाचे धागे रंगतात, आणि गडद निळ्याची अपेक्षा असताना विटलेला आकाशी मिळतो. कितीही रंग ओतला तरी तो गडद होत नाही, कारण अर्धे धागे या व्यवहारात सामीलच नसतात. इलास्टेन तीन ते पाच टक्के असेल तर मात्र फार बिघडत नाही, ते बहुधा आत दडलेलं असतं. फक्त असं कापड उकळू नये आणि त्याला क्लोरीनचं ब्लीच लावू नये.

लेबल नसेल किंवा त्यावर विश्वास नसेल तर धागा जाळून पाहावा. घरी करता येणाऱ्या परीक्षांत ही जुनी परीक्षा आजही खात्रीची आहे, पण ती नीट करायला हवी. कापडाचा तुकडा तसाच पेटवू नका. त्यातले उभे धागे वेगळे काढा, आडवे वेगळे, आणि दोन्हींचे छोटे जुडगे चिमट्यात धरून, खाली धातूची ताटली आणि शेजारी पाणी ठेवून जाळा. असं वेगवेगळं का, तर कित्येक कापडांत ताणा एका तंतूचा आणि बाणा दुसऱ्याचा असतो. कापूस पटकन पेटतो, जळत्या कागदाचा वास येतो, मागे मऊ करडी राख राहते. व्हिस्कोसही असंच जळतं. रेशीम आणि लोकर जळत्या केसांसारखा वास देतात, ज्योतीपासून दूर नेलं की बहुधा विझतात आणि त्यांचा काळा मणी बोटांनी चुरता येतो. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टणक गोळी उरते, ती चुरत नाही. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात: राखही आणि तिच्यात टोचणारे कठीण कणही.

काही नावं फसवी आहेत. आर्ट सिल्क म्हणजे कलात्मक रेशीम नव्हे, तर कृत्रिम रेशीम. ते कधी व्हिस्कोस असतं, कधी पॉलिएस्टर, आणि रंगवणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बांबूचं म्हणून जे मऊ कापड मिळतं ते बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून काढलेलं व्हिस्कोसच असतं. त्यात वाईट काही नाही, उलट व्हिस्कोस कापसापेक्षा गडद रंगतं. फक्त ओलं असताना त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून ते पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं.

तंतू कळला, तरी अर्धंच कळलं. ‘शंभर टक्के कॉटन’ हे लेबल तंतूबद्दल खरं बोलतं आणि त्यावर चढवलेल्या थरांबद्दल गप्प राहतं. सुरकुत्या न पडणारं कापड घ्या. त्यातलं रेझिन सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं, त्यामुळे कापड चुरगळत नाही. पण त्याच कारणाने ते पाण्यात नीट फुगतही नाही, आणि रंगाला आत शिरायला वाट मिळत नाही. हे रेझिन साबणाने जात नाही, उकळूनही जात नाही. डाग न पडणाऱ्या आणि पाणी न धरणाऱ्या कापडाचंही तेच. अशा कापडाला सुधारण्यात वेळ घालवू नये. इस्त्री लागत नाही, डाग बसत नाही, असं जे कापडाचं कौतुक म्हणून सांगितलं जातं, ते रंगवणाऱ्याने नकार म्हणूनच ऐकावं.

ओळखायचं कसं? पाण्याच्या थेंबाने. कापड सपाट ताणून धरा आणि साधारण एक सेंटिमीटर उंचीवरून ड्रॉपरने एक थेंब सोडा. थेंबावर प्रकाशाची चकाकी असते, ती मावळेपर्यंतचे सेकंद मोजा. उत्तम तयार केलेलं कापड थेंब लगेच पिऊन टाकतं. पाच सेकंदांच्या आत शोषलं तर चालेल. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर त्या कापडावर मेण, तेल, सिलिकोन किंवा पाणी अडवणारा दुसरा एखादा थर आहे. ही परीक्षा एकाच ठिकाणी करून थांबू नये. काठाजवळ, मध्यभागी आणि घडीच्या रेषेवर, निदान तीन जागी करावी. कारण पूर्णपणे वाईट कापडापेक्षा असमान कापड जास्त छळतं. वाईट कापड निदान सगळीकडे सारखं फिकं होतं, असमान कापडावर ढग उठतात. मेणामुळे थेंब अडला असेल तर उकळून धुतल्यावर पुन्हा थेंब टाकून पाहावा. त्यानंतरही तो तसाच बसला, तर कापडाने आपलं उत्तर दिलं आहे.

खळीसाठी आयोडीन. टिंक्चर आयोडीनचा एक थेंब चारपट पाण्यात मिसळून कापडाच्या कोपऱ्यावर टाका. पिवळट तपकिरी राहिला तर पिठाची खळ नाही, निळा-जांभळा झाला तर आहे. खळ राहिली तर प्रोसिऑनसारखे, कापसाच्या तंतूशी रासायनिक बंध जोडणारे रंग कापडाआधी तिच्याशीच जोडले जातात, आणि नंतरच्या धुण्यात खळीबरोबर तो रंगही मोरीत जातो. अशा कापडातून रंगाचं पाणी थांबत नाही तेव्हा रंग कच्चा वाटतो. खरं तर तो पक्काच बसलेला असतो, पण चुकीच्या गोष्टीवर.

चमक देणारं रसायन ओळखायला अतिनील टॉर्च लागते. अंधारात प्रकाश टाकला की असं कापड निळसर पांढरं उजळतं. गडद रंगात याचा फारसा त्रास नाही. पण फिका पिवळा, फिका गुलाबी, मोतिया अशा छटांत ही निळी झाक मिसळते आणि दिवसा एक, दिव्याखाली दुसरा असा रंग दिसू लागतो. एक गोष्ट लक्षात येत नाही ती अशी, की कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींतही हेच रसायन असतं. ते नसलेलं कापड शोधून आणायचं आणि घरी आल्यावर तसल्या पावडरीत भिजवायचं, म्हणजे हाताने केलेलं हातानेच घालवणं.

हे सगळं टाळायचं असेल तर विकणाऱ्याकडे एकच गोष्ट नेमकी मागावी: रंगाईसाठी तयार केलेलं कापड, व्यापारात ज्याला पीएफडी म्हणतात. त्याची खळ काढलेली असते, मेण काढलेलं असतं, विरंजन झालेलं असतं आणि त्यावर चमक किंवा मऊपणाचा थर नसतो. असं कापड शेजारच्या शुभ्र ताग्यापुढे किंचित मळकट दिसतं, हाताला थोडं कोरडं लागतं. नवखा माणूस ते बाजूला सारतो. तो मळकटपणा आणि कोरडेपणा हीच त्याची लायकी आहे. तरीही रंगाआधी ते एकदा गरम पाण्यात धुवावंच, कारण घड्या घालताना, वाहतुकीत, हाताळताना हातांचं तेल आणि धूळ लागलेली असते.

मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला, कापूस मिळाला तर तोच घ्यावा. जॉन मर्सर १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण कापडातून गाळत होता. गाळणीचं सुती कापडच आक्रसून जाड झाल्याचं त्याने पाहिलं, आणि पुढे असं कापड जास्त रंग धरतं हेही ध्यानात आलं. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतलं. पण कापड आटतं म्हणून गिरण्यांनी ते फारसं उचललं नाही. १८९० च्या सुमारास होरेस लो याने ताणून धरलेल्या कापडावर तीच क्रिया केली, तेव्हा आटणं थांबलं आणि वर रेशमासारखी झळाळी आली. कारण असं, की कापसाचा चपटा, पीळ पडलेला तंतू त्या सोड्यात फुगून गोल होतो आणि त्याच्या आतली रचना मोकळी होते. तेवढ्याच रंगात मर्सराइज्ड कापड डोळ्यांना कळेल इतकं गडद होतं. गडद लाल किंवा काळा हवा असेल तर हा फरक पैशांत मोजण्यासारखा आहे.

दुसऱ्या टोकाला मांजरपाट. विरंजन न केलेलं, पिवळसर, बिया-काडीचे काळे ठिपके असलेलं. स्वस्त असतं आणि त्याचा पोत मला स्वतःला फार आवडतो, मातकट रंग त्यावर खुलतात. पण ते मेहनत मागतं. ५०० ग्रॅम कापडाला १० लिटर पाणी, २० ग्रॅम धुण्याचा कोरडा सोडा आणि ५ मिलि सौम्य, चमक नसलेलं द्रव डिटर्जंट. हे स्टीलच्या मोठ्या पातेल्यात मंद उकळीवर दोन तास ठेवायचं आणि अधूनमधून वरखाली करायचं. पाणी चहासारखं होतं. ते कापसातलं मेण, पेक्टिन आणि खळ. पाणी टाकून पुन्हा तेच करायचं, आणि दुसऱ्या वेळचं पाणीही गडद असेल तर तिसऱ्यांदा. इथे घाई केली तर रंगवताना चट्टे हमखास. पीएफडी नसलेल्या पण बऱ्या दिसणाऱ्या कोणत्याही सुती कापडाला याच मापाने एक तास पुरतो. रेशीम किंवा लोकर मात्र सोड्यात कधीही उकळू नये, प्रथिनांचा तंतू त्यात खंगतो. त्यांना कोमट पाणी आणि सौम्य साबण.

उकळल्यावर कापड आटतं, आणि किती आटेल हे वीण सांगत नाही. म्हणून आधी ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या दोऱ्याने टाचून घ्यावा आणि धुऊन वाळल्यावर मोजावा. एक सेंटिमीटर कमी म्हणजे दोन टक्के. उभं आणि आडवं वेगवेगळं आटतं, तेव्हा दोन्ही बाजू मोजा. तोवर पन्हा आणि लांबी दोन्हींत दहा टक्के जास्त धरून खरेदी करणं शहाणपणाचं.

वजन हा रंगवणाऱ्याचा खरा गज आहे. रंग मीटरवर मोजत नाहीत, कोरड्या कापडाच्या वजनावर मोजतात. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर तुकडा कापून वजन करा आणि शंभराने गुणा, की एका चौरस मीटरचं वजन मिळालं. मलमल साधारण ६० ते ८० ग्रॅम, पॉपलिन शंभर-सव्वाशेच्या आसपास, कॅनव्हास अडीचशेच्या वर. म्हणजे तेवढ्याच लांबीच्या कॅनव्हासला मलमलीच्या तिप्पट-चौपट रंग लागणार. घट्ट विणीच्या कापडात बांधणीच्या रेषा धारदार येतात, पण रंग घडीच्या आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. सैल विणीत रंग पसरतो, कडा मऊ होतात. यात चांगलं-वाईट नाही, हवं काय ते ठरवायचं.

शिवलेले कपडे रंगवायचे तर शिलाईचा दोरा पाहा. तो जवळजवळ नेहमी पॉलिएस्टरचा असतो आणि गडद निळ्या सदऱ्यावर पांढऱ्या टाक्यांची रांग उमटते. कुणाला ती आवडते, पण ती आधी माहीत असावी. कॉलरच्या आतलं चिकटवलेलं अस्तर, लेस आणि इलास्टिकही असंच पांढरं राहतं. वापरलेल्या सुती चादरी मात्र उत्तम. वर्षानुवर्षं धुऊन त्यांच्यावरचे बरेच थर गेलेले असतात. धोका एवढाच, की घामाचे आणि तेलाचे जुने डाग पांढऱ्यावर दिसत नाहीत, रंगल्यावर उठून दिसतात.

आता रंग. सेल्युलोजसाठी घरी वापरायला रिअ‍ॅक्टिव्ह जातीचे रंग घ्यावेत, या मतावर मी ठाम आहे. १८८४ मध्ये काँगो रेड आला आणि कापसावर टॅनिनशिवाय थेट बसणाऱ्या डायरेक्ट रंगांची सुरुवात झाली. पण ते तंतूला नुसते बिलगून राहतात, प्रत्येक धुण्यात थोडे थोडे सुटतात. ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीत रॅटी आणि स्टीफन या दोघांनी १९५४ मध्ये सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडणारे रंग शोधले आणि १९५६ मध्ये ते प्रोसिऑन नावाने बाजारात आले. इथे रंग तंतूला चिकटत नाही, त्याचाच भाग होतो. तेही साध्या पाण्यात, उकळल्याशिवाय. सर्व कापडांना चालणारा म्हणून जो रंग मिळतो तो बहुधा डायरेक्ट आणि (लोकर-रेशमाचे) अ‍ॅसिड अशा दोन जातींचं मिश्रण असतं. सुती कापडावर त्यातला निम्मा भाग वाया जातो, आणि उरलेला शेजारच्या कपड्यांवर उतरतो.

पुडीवरची सुंदर नावं विसरा. ‘मोरपंखी’ किंवा ‘गुलबक्षी’ हे विकणाऱ्याने दिलेलं नाव, तेच दुसरीकडे निराळ्या रंगाला असेल. विचारायचं ते कलर इंडेक्सचं, म्हणजे रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतलं, नाव. या सूचीची पहिली आवृत्ती १९२५ ची, आणि तिच्यात प्रत्येक रंगद्रव्याला जात, छटा आणि क्रमांक असतो. प्रोसिऑन एमएक्स मालिकेतला लाल ५बी म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह रेड २, लिंबासारखा पिवळा ८जी म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह यलो ८६, निळा आर म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह ब्लू ४, मोरपंखी जी म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह ब्लू १४०. या चारांत एक काळा मिळवला की सुरुवातीला पुष्कळ झालं. बाकीच्या बहुतेक छटा मिश्रणंच असतात, ती आपल्यालाही करता येतात.

पुडी शुद्ध की मिश्र, हे पाहण्याची सोपी रीत आहे. पांढरा टिपकागद ओला करून त्यावर चिमटीतली किंचित पूड दूरवरून भुरभुरावी. शुद्ध रंगाचे सगळे कण एकाच रंगात फुटतात. मिश्र जांभळ्यातून लाल आणि निळे ठिपके वेगळे दिसतात. मिश्र असणं दोष नव्हे, पण बांधणीच्या कामात असे रंग धावतात, वेगवेगळ्या वेगाने, आणि काळ्याच्या कडेला लाल किंवा निळी किनार उमटते. मोरपंखीचा रेणू मोठा, तांबं असलेला. त्याला इतरांपेक्षा ऊब आणि वेळ जास्त लागतो, म्हणून गार हवेत हिरवा करायला गेलं की तो पिवळ्याकडे झुकतो.

पुडी ताजी हवी. दमट हवेतली वाफ रंगाशी हळूहळू जोडली जाते आणि जो हात कापडाला धरणार तो पाण्यानेच धरून टाकलेला असतो. अशी पूड पाण्यात तितकीच सुंदर दिसते, कापडावर चढतेही, आणि धुतल्यावर सगळी निघून जाते. त्यामुळे हवाबंद डबी, तयार केल्याची तारीख आणि उघड्या पोत्यातून सुटा न दिलेला माल या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. स्वस्त पूड कित्येकदा मीठ मिसळून पातळ केलेली असते. दोन विक्रेत्यांची एकेक ग्रॅम पूड, तेच कापड, तेवढंच पाणी, अशा दोन पट्ट्या रंगवून शेजारी ठेवल्या की कोणती खरोखर स्वस्त आहे ते कळतं.

सोड्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त कामं इथेच बिघडतात. हवा तो धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा पीएच आठच्या थोडा वर, आणि या रंगांना थंड पाण्यात हवा असतो साडेदहा-अकरा. खाण्याच्या सोड्यात रंग चढल्यासारखा दिसतो, बसत नाही. दुसरा घोटाळा कमी लोकांना ठाऊक असतो. धुण्याचा सोडा दोन रूपांत मिळतो: कोरडी, पांढरी, जड पूड आणि काचेसारखे ओलसर खडे. खड्यांत वजनाचा मोठा भाग पाण्याचा असतो. १०६ ग्रॅम कोरड्या सोड्याचं काम करायला २८६ ग्रॅम खडे लागतात, म्हणजे जवळजवळ २.७ पट. कृतीत १० ग्रॅम लिहिलेलं असताना कुणी १० ग्रॅम खडे घातले तर सोडा एक-तृतीयांश पडला. खडे उघडे राहिले तर पाणी उडून वरून पांढरे पिठूळ होतात, मग त्यांचं माप कोणत्याच हिशेबात बसत नाही. कोरडी पूडच घ्यावी, घट्ट झाकणात ठेवावी.

मीठ साधंच चालतं. पाण्यात कापसाच्या तंतूवर ऋण भार येतो, रंगाच्या रेणूवरही ऋण, दोघं एकमेकांना दूर लोटतात. मीठ ही भिंत मोडतं. ब्रशने किंवा बाटलीने थेट रंग लावताना मीठ नको, तिथे युरिया हवा, लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कापड लवकर सुकत नाही. सुकलं की रंगाची क्रिया थांबते. चित्र काढण्यासाठी रंग घट्ट करायचा तर समुद्री शेवाळातून काढलेलं सोडियम अल्जिनेटच घ्या. पिठाची किंवा गवारीच्या डिंकाची खळ वापरली तर रंग तिच्याशीच जोडला जातो, वर सांगितलं तसंच.

पाणी जड असेल तर कॅल्शियम सोड्याबरोबर पांढरा साका धरतं आणि रंगाचे कण कापडावर ठिपक्यांसारखे बसतात. साबणाला फेस येत नसेल तर हे पाणी तसं आहे. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट लिटरला एक-दोन ग्रॅम घातलं की काम भागतं.

व्हिनेगर मात्र सुती कापडाजवळ आणू नये. रंग पक्का करायला व्हिनेगर आणि मीठ लावा, हा सल्ला लोकर-रेशमाच्या अ‍ॅसिड रंगांवरून उचलून कापसावर आणलेला आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला अल्कली हवं. क्रिया चालू असताना आम्ल घातलं की सोडा मारला जातो आणि रंग जोडला जाणं तिथेच थांबतं. बंध एकदा जुळल्यावर पक्का करणाऱ्या कोणत्याही द्रवाची गरज उरत नाही, आणि जुळला नसेल तर तसला द्रव तो जुळवून देत नाही.

एक हिशेब मांडून दाखवतो. २०० ग्रॅम कोरडं पॉपलिन, मध्यम छटा. मध्यमला कापडाच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे ४ ग्रॅम रंग. फिक्याला अर्धा ते एक टक्का, गडदला चार, काळ्याला सहा ते आठ. पाणी वजनाच्या वीसपट, ४ लिटर. मीठ लिटरला ५० ग्रॅम, एकूण २००. कोरडा सोडा लिटरला १० ग्रॅम, एकूण ४०. रंग आधी थोड्या कोमट पाण्यात लगद्यासारखा कालवून मग मोठ्या पाण्यात सोडायचा आणि गाळून घ्यायचा, गाठ राहिली तर तिचा डाग कायमचा. कापड ओलं करून त्यात घालायचं, दहा मिनिटं हलवायचं. मीठ तीन भागांत, दर पाच मिनिटांनी. वीस मिनिटांनंतर कापड बाजूला ओढून, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा ओतायचा, कधीही थेट कापडावर नाही. पुढे तासभर, पहिली पंधरा मिनिटं जवळजवळ सतत हलवत. पाणी ३५ ते ४० अंशांवर असेल तर छान, २० अंशांखाली गेलं तर क्रिया रेंगाळते. सोडा पडल्यावर उरलेला रंग उद्यासाठी ठेवता येत नाही, काही तासांत तो पाण्याशीच जोडून संपतो.

फिक्या छटांना अर्धा-पाव ग्रॅम रंग मोजायची वेळ येते आणि घरचा काटा तेवढं खरं दाखवत नाही. १० ग्रॅम रंग पाण्यात कालवून एकूण १००० मिलि करा. या एक टक्क्याच्या द्रावणातले १० मिलि म्हणजे नेमका ०.१ ग्रॅम, आणि तेवढं साध्या सिरिंजने मोजता येतं. सोडा न घालता थंड जागी ठेवलं तर आठवडाभर ते चांगलं राहतं.

भांडी स्टीलची, प्लॅस्टिकची किंवा टवके न उडालेली एनॅमलची. अ‍ॅल्युमिनिअम नको, सोडा त्याला खातो. रंगाची भांडी, चमचे, गाळणी पुन्हा स्वयंपाकात जाता कामा नयेत, आणि पूड हाताळताना धुळीचा चांगला मास्क हवाच. हे रंग श्वासातून गेले तर काहींना कायमची अ‍ॅलर्जी जडते. डबी ओल्या कापडावर ठेवून उघडली तर उडालेली पूड तिथेच धरली जाते.

वनस्पतींच्या रंगांचा विषय वेगळा आणि मोठा आहे. इथे एवढंच, की तिथे कापडाची तयारी याहून काटेकोर लागते. कापसाला आधी हिरड्यासारखं टॅनिन, मग तुरटी, तेव्हा कुठे मंजिष्ठेचा लाल टिकतो. हळदीचा पिवळा कितीही देखणा असला तरी उन्हात उडतो, आणि बिटाचा रंग कापडावर राहातच नाही.

धुण्यात क्रम महत्त्वाचा. आधी थंड पाणी, दोन-तीनदा, मीठ आणि सोडा निघेपर्यंत. मग खूप गरम, ६० अंशांच्या वर, आणि त्यात कापड तासभर किंवा रात्रभर बुडवून ठेवायचं. मीठ आत असताना सुटा रंग कापड सोडत नाही, म्हणून पहिल्याच पाण्याला गरम करणं फुकट जातं. पाणी अगदी नितळ व्हायची वाट पाहण्यापेक्षा ओल्या कापडाचा कोपरा दोन पांढऱ्या सुती चिंध्यांमध्ये ठेवून गरम इस्त्री दाबावी. चिंधीवर काही उमटलं नाही तर धुणं झालं.

प्रत्येक ताग्यातून हाताच्या पंजाएवढा एक तुकडा न रंगवता काढून ठेवावा. त्याच्या शेजारी वहीत रंगलेली पट्टी टाचावी, खाली कापडाचं वजन, रंगाचा इंडेक्स क्रमांक, मीठ, सोडा, पाण्याचं तापमान आणि थेंब शोषायला लागलेले सेकंद लिहावेत. पुढच्या वेळी तेच कापड म्हणून नवा तागा समोर आला, की जुन्या न रंगलेल्या तुकड्यावर आणि नव्यावर एकाच वेळी एकेक थेंब सोडायचा. दोन्ही सारख्याच वेळात विझले तर जुनं माप चालेल. नव्यावर थेंब रेंगाळला तर आधी पातेलं आणि सोडा, रंगाची डबी नंतर.